गोळी सुटण्यापूर्वी



कोठे गोळीबार झाला की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘पोलीस काय करीत होते?’ २ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्याच ठाणे जिल्ह्यात, उल्हासनगरला, गोळ्या झाडल्या गेल्या त्या पोलीस ठाण्यातच, वरिष्ठ निरीक्षकाच्या खोलीत! गुन्हा दाखल झाला एका आमदारावर. मुळाशी होता जमिनीचा वाद. पोलीस याहून जवळ ते किती असावेत? तो वाद चिघळत होता, तेव्हा मध्ये पडायला कोण होते, असे विचारले पाहिजे.

देवीचा रोग आपण कसा घालविला ते आठवा. रोगी सापडला की त्याच्या भोवतालची माणसे हुडकून त्यांना टोचायचे. रोगाला पुढे वाटच ठेवायची नाही. १९७५ साली भारतातला शेवटचा रोगी सापडला. सोमालियातील निर्वासितांत क्षय आणि पटकीशी झुंजलेले डॉक्टर गॅरी स्लटकिन शिकागोला परतले, तेव्हा बंदुकीचे बळी त्यांना तसेच दिसले : एका गोळीतून सुडाची दुसरी. त्यांच्या संस्थेने त्याच वस्तीतली, कधीकाळी टोळीत वावरलेली माणसे पगारावर नेमली. जखमीच्या भावाजवळ रुग्णालयात बसायचे, त्याला बोलते ठेवायचे, हे त्यांचे काम. एक रात्र टळली तरी पुष्कळ!

पण शिकागो कशाला? भिवंडी पाहा. १९८४ साली ती दंगलीत होरपळली. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या; हिंदू-मुसलमान शेजारी एकत्र, आणि जबाबदारी साध्या शिपायाकडे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. तो प्रश्न दंगलीचा होता, बंदुकीचा नव्हे, हे मला मान्य आहे. तरी कुरबूर ज्याच्या कानावर प्रथम येते त्यालाच हाताशी धरायचे, ही रीत एकच.

कोणी म्हणेल, सुपारी घेणाऱ्याला कसली समजूत घालता? खरे आहे. पण सुपारी देणाऱ्याचा तंटा वर्षावर्षांचा असतो, आणि तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असतो. मात्र घरात बाईला मारहाण होत असेल, तर तेथे समेट घडवू नका. सरळ तिला संरक्षण मिळवून द्या.

आपल्या गावठाणांत तंटा मिटवायला कोणाकडे जावे हे अजून माहीत असते. सेक्टरातल्या सातव्या मजल्यावर शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसते. भाषण संपल्यावर मी येथेच बसणार आहे. आपल्या इमारतीत कोणाचा शब्द दोन्ही बाजू मानतील, अशी दोन नावे मनात घेऊन या.