चार पावले चालून पाहा
(उत्सवपूर्व सभेत केलेले भाषण)



मी डिप्लोमावाला माणूस. राज्य सरकारच्या नोकरीत रस्त्यांची मापे घेतो. भाषणाची सवय नाही, सांभाळून घ्या.

यंदा मंडपात व्हीआरचा हेडसेट ठेवावा, असे आपल्या तरुणांनी सुचवले आहे. त्याबद्दल घरचाच अनुभव सांगतो. माझ्या भाच्याने कॉम्प्युटरवर रायगडाच्या जगदीश्वर मंदिराचा देखावा तयार केला. आईला रायगड पाहायचा होता, पण गुडघ्यांमुळे राहून गेला. त्याने तिला खुर्चीत बसवून हेडसेट चढवला आणि हातातली कळ दाबून पुढे नेऊ लागला. दोन मिनिटांत आई म्हणाली, "काढ रे बाबा, मळमळतंय." संध्याकाळपर्यंत ती पडून होती.

दोष आईचा नव्हता. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी इंद्रिये असतात. डोळे सांगतात 'चाललो', कान आणि पाय सांगतात 'बसलोय'. या भांडणात पोट ढवळते.

लंडन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 1999 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आभासी खोलीत खोल खड्डा दाखवला. काही जण खरेच चालले, काहींनी जागच्या जागी पावले टाकली, काही बटण दाबून तरंगत गेले. 'आपण खरेच तिथे आहोत' असे पावले टाकणाऱ्यांना अधिक वाटले. पुढे 2001 मध्ये शरीफ रझाक आणि सहकाऱ्यांनी युक्ती मांडली: दृश्य नकळत थोडे थोडे वळवायचे, म्हणजे माणूसही नकळत वळतो आणि भिंतीवर न आपटता चालत राहतो. पण त्यालाही ऐसपैस जागा लागते.

पुढच्या रविवारी आम्ही बैठकीची खोली रिकामी केली. कळ बंद. मी आईचा हात धरला. ती स्वतःच्या पायांनी आठ पावले चालली आणि थांबली. वाकून पायाशी काहीतरी चाचपू लागली. विचारले तर म्हणाली, "अरे, देवळात चप्पल घालून कशी जाऊ?" ती अनवाणीच होती.

त्या दिवशी मळमळ झाली नाही. आम्हा दोघांचेही डोळे मात्र भरून आले.

म्हणून माझी विनंती आहे: हेडसेट जरूर ठेवा, पण खुर्च्या आणि वायरी बाजूला करा. सतरंजीच्या कडा दुमडलेल्या नकोत. प्रत्येकाजवळ एक कार्यकर्ता हात धरायला हवा. कळ दाबून कोणाला पळवू नका, चार पावले चालू द्या. जागा कमी पडली तर जागच्या जागी पावले टाकू द्या. गरगरले की लगेच काढा. आणि पहिला मान ज्यांना गड चढता येणार नाही त्यांना द्या.

गणपती बाप्पा मोरया!