पेटीतले मोबाईल

शाळेच्या फाटकातून आत शिरताना मास्तराला आजवर फार तर घड्याळाकडे पाहावे लागे. २०२० च्या जून महिन्यात मात्र, निपाणीच्या ज्या शाळेत मी शिकवतो तिच्या फाटकाशी, आम्हांला खिशातला मोबाईल काढून दाखवावा लागू लागला. त्याच्या काचेवर, आपण सुरक्षित आहात अशा अर्थाची हिरवी पट्टी दिसली की आत जायचे. दिसली नाही तर बाहेरच थांबायचे. ही पट्टी दाखविणारे ॲप म्हणजे ‘आरोग्य सेतु’. आज ते नाव उच्चारले की लोक किंचित हसतात, जुन्या छायाचित्रातली आपली टोपी पाहून हसावे तसे. पण त्या दिवसांत आम्ही हसत नव्हतो. त्या हिरव्या पट्टीवर कुणाचा रोज अवलंबून होता आणि कुणाची मनःशांती. माझी मनःशांती तिच्यावर अवलंबून राहिली, आणि त्यातून काय झाले तेच आज सांगावयाचे आहे.

हे ॲप राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २ एप्रिल २०२० रोजी लोकांच्या हाती दिले. पहिल्या तेरा दिवसांत पाच कोटी लोकांनी ते उतरवून घेतले. त्याची युक्ती समजावयास अवघड नाही. दोन माणसे जवळ आली की त्यांचे मोबाईल ब्लूटूथच्या अल्प पल्ल्याच्या लहरींनी एकमेकांस ओळख देत. ही ओळख नावाने नव्हे, सांकेतिक खुणेने दिली जाई, आणि ती भेट जो तो आपल्या पोटात नोंदवून ठेवी. पुढे त्यांतील एकाला रोग असल्याचे निष्पन्न झाले, तर त्या नोंदी सरकारी यंत्राकडे जात व दुसऱ्याला सावधगिरीची सूचना मिळे. त्याखेरीज आपण कोठे होतो याचीही टिपणे ते ठेवी. ते मराठीत होते, कन्नडमध्येही होते. आमच्या शिक्षकदालनात कोणी कोणती भाषा निवडली यावरून पहिल्या दिवशी अर्धा तास गेला. सीमाभागात राहणाऱ्यांस याचे नवल वाटणार नाही.

२९ एप्रिलला केंद्र सरकारच्या नोकरांना हे ॲप घेतल्याशिवाय कचेरीत येऊ नका असे सांगण्यात आले. १ मे रोजी गृहमंत्रालयाने आणखी पुढे जाऊन, सरकारी असोत वा खाजगी, सर्वच नोकरदारांना ते सक्तीचे केले आणि शंभर टक्के कर्मचाऱ्यांजवळ ते असल्याची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखावर टाकली. पुढे १७ मे रोजी भाषा मवाळ झाली. ज्यांच्याजवळ योग्य तो मोबाईल आहे त्यांनी ते घ्यावे म्हणून मालकांनी शक्य तो प्रयत्न करावा, एवढेच उरले. पण वरून आलेला हुकूम पायरीपायरीने खाली उतरताना कडक होत जातो, आणि त्याला दिलेली सूट बहुधा वरच्याच पायरीवर बसून राहते. आमच्यापर्यंत पोचले ते ‘शंभर टक्के’. संगणकाची थोडीबहुत माहिती असल्यामुळे त्याची नोंदवही माझ्याकडे आली.

नोंदवहीत सत्तावीस नावे होती. सव्वीस जणांपुढे ‘आहे’ असे लिहून झाले. सत्ताविसावे नाव होते आमच्या शिपाईमामांचे. मामा तेव्हा साठीच्या घरात होते, नेमणूक कायम नव्हती, आणि त्यांच्याजवळ बटणांचा साधा फोन होता. त्यावर असले ॲप चालत नाही. मुलाच्या मोबाईलवर ते उतरवून घेतले आहे, असे त्यांनी मला सांगितले. मुलगा कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, म्हणजे मोबाईल दिवसभर सीमेपलीकडे. सत्तावीसांतला एक रकाना मोकळा राहिला तर वहीवर शेरा येणार, आणि मामांना नवा मोबाईल घ्यावा लागणार किंवा घरी बसावे लागणार. मी ‘आहे’ असे लिहिले. साध्या फोनवाल्यांसाठी १९२१ या क्रमांकावर मिस्ड कॉल देऊन चौकशी करण्याची सोय मे महिन्यातच झाली होती. मला ती माहीत नव्हती असे नाही. मी ती मामांना सांगितली नाही, कारण रकाना भरला होता.

इथे थोडे विषयांतर करतो. ज्यांनी हे ॲप योजले त्यांच्या डोळ्यांसमोर कामाची जागा म्हणजे टेबल, खुर्ची, आणि ज्याच्या खिशात चांगला मोबाईल आहे असा नोकर असे चित्र असावे. निपाणीत कामाची जागा म्हणजे तंबाखूची वखार, जिथे बायका शेजारी शेजारी बसून तंबाखू हाताळतात, किंवा घरचा उंबरा, जिथे सुपात पाने घेऊन विड्या वळल्या जातात. माझ्या वर्गातील कितीतरी मुलांच्या आया या कामावर असतात. घरात मोबाईल असला तर एक, तोही मुलाच्या अभ्यासासाठी घरीच ठेवलेला. त्या बायका दिवसभर कोणाशेजारी बसल्या हे कोणत्याही ॲपला कळणे शक्य नव्हते. शेजारणीला विचारले असते तर तिने एका श्वासात सांगितले असते.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. २५ जूनपासून कर्नाटकात दहावीची परीक्षा झाली. आठ लाखांहून अधिक मुले, आणि देशभर चिंता. आमचे केंद्र व्यवस्थित चालले. तोंडावर मुसके, बाकांत अंतर, दारात ताप पाहण्याची बंदूक. फाटकावर आम्ही पर्यवेक्षक हिरवी पट्टी दाखवून आत जात असू, आणि आत गेल्यावर पहिली गोष्ट काय करीत असू? मोबाईल जमा करीत असू. परीक्षेच्या खोलीत मोबाईल नेण्यास मनाई. तो नियम जुना आणि योग्यच आहे. सर्वांचे मोबाईल आवाज बंद करून एका लाकडी पेटीत ठेवले जात व दुपारी परत मिळत.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती पेटी पाहताना माझ्या ध्यानात आले, की आत एक संमेलन भरले आहे. आम्ही माणसे वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या मुलांमध्ये, अंतर राखून उभे होतो आणि आमचे मोबाईल तास न् तास एकमेकांच्या अंगाला अंग लावून पहुडले होते. ॲपच्या हिशेबी आमच्या गणिताच्या बाई आणि मी दिवसभर खांद्याला खांदा लावून बसलो होतो. प्रत्यक्षात आमची नमस्कारापलीकडे गाठ पडली नव्हती. ज्यांनी मला दर तासाला पाणी आणून दिले त्या मामांची मात्र त्याच्या दप्तरी नोंदच नव्हती. मी ही गंमत सहकाऱ्यांना सांगितली. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सर्वांनी पट्टी दाखविली आणि मोबाईल पेटीत टाकले.

शेवटच्या पेपराच्या दिवशी सायंकाळी मामा आणि मी सामानाच्या खोलीत बसून उरलेल्या वस्तूंची मोजदाद केली. खोली कोंदट, पंखा नाही. मामांनी चहा आणला. दोघांनी मुसकी गळ्यात उतरवली आणि अर्धा-पाऊण तास गप्पा मारीत बसलो. चार दिवसांनी मामांना तपासणीत कोरोना निघाला. ताप त्यांना आदल्या आठवड्यापासून मधूनमधून येत होता. रोज बुडेल म्हणून ते गोळी घेऊन येत राहिले, हे नंतर कळले.

शाळेत आशाताई आल्या. पायांत स्लिपर, हातात कागद, डोक्यावर ऊन. त्यांनी मामांना फोनवर विचारून नावे लिहून आणली होती. दोन शिक्षक, एक कारकून, मामांच्या घरची माणसे. माझे नाव नव्हते. माझा मोबाईल काढून मी पाहिला. हिरवा.

श्रोतेहो, त्यानंतरचा दीड दिवस मी गप्प राहिलो. घरी माझी आई होती, पंचाहत्तरीची. शिकलेला माणूस आपल्या मनाशी किती सफाईने वकिली करतो हे मला त्या दीड दिवसात समजले. यंत्र सांगते आहे सुरक्षित, यादीत नाव नाही, मग आपण होऊन सांगणे म्हणजे घबराट पसरविणे, असा माझा युक्तिवाद होता. पेटीतले संमेलन मीच पाहिले होते, मीच त्याची थट्टा केली होती, आणि तरीही गरज पडताच मी त्याच पट्टीच्या आड जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या रात्री आईने ताट वाढताना, ‘तू आज एवढा लांब का बसतोस?’ असे विचारले. तेव्हा मी उठून आशाताईंना फोन केला. चौदा दिवस वरच्या खोलीत राहिलो. तपासणीत माझ्या अंगी रोग निघाला नाही, आईलाही काही झाले नाही. मामाही महिन्याभरात बरे होऊन आले. माझे नाव का घेतले नाही असे त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘सर, तुमच्या घरात आई म्हाताऱ्या. तुमच्या दाराला कागद कशाला चिकटवायचा?’

तो कागद आपणां सर्वांस आठवत असेल. विलगीकरणातील घराच्या दारावर तो लावीत, आणि गल्ली त्या दारासमोरून जाणे बंद करी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये असे कागद सरसकट लावू नयेत असे सांगितले. पण तोवर त्याने आपले काम केले होते. लोक लपवू लागले होते. आपल्याकडे हे प्रथमच घडले असेही नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात शिपाई घरांत घुसून रोगी शोधू लागले, तेव्हा लोकांनी रोगी माळ्यावर आणि परसात दडविले. रँडवर त्याच वर्षी २२ जूनला गोळी झाडण्यात आली. इतिहासाच्या तासाला आम्ही मुलांना हे शिकवतो. त्याच वर्षी झालेला साथरोगांचा कायदा २०२० सालीही लागू होता, आणि त्याच्याच आधाराने अनेक हुकूम निघाले. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना वारल्या, हे मात्र मुलांना वेगळ्या धड्यात भेटते. रोगी शोधणारे दोन्हीकडे होते. एकीकडे त्याला पकडण्यासाठी घरात शिरत होते, दुसरीकडे त्याला खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेत होते.

माणूस आपली भेटगाठ खरी केव्हा सांगतो? सांगितलेले आपल्यावर उलटणार नाही अशी त्याला खात्री असते तेव्हा. आम्हां कॅथलिक लोकांत पापनिवेदनाची रीत आहे. तेथे सांगणारा मोकळेपणी बोलतो, कारण ऐकणाऱ्या धर्मगुरूचे ओठ जन्मभर बंद राहणार हे त्याला ठाऊक असते. सिंगापूरने मार्च २०२० मध्ये असेच एक ॲप काढले आणि त्यातील माहिती केवळ रोग्याच्या संपर्कातील माणसे शोधण्यासाठी आहे असे वचन दिले. जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्र्यांनी संसदेत मान्य केले, की गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलीसही ती मागवू शकतात. सरकारने मागाहून कायदा करून मर्यादा घातली, पण एकदा गेलेला विश्वास कायद्याने परत आणता येत नाही. आपल्याकडे माहितीचे काय करावे यासंबंधीचे नियम ११ मे २०२० रोजी जाहीर झाले, म्हणजे सक्तीनंतर दहा दिवसांनी. बंगळूरच्या आपल्या उच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये, हे ॲप नाही म्हणून सरकारी सेवा नाकारता येणार नाही असे सांगितले, आणि २५ जानेवारी २०२१ रोजी, लोकांच्या समजूतपूर्वक संमतीवाचून त्यांची माहिती इतरांस देण्यास मनाई केली. पण हे सारे आमच्या फाटकापर्यंत पोचायला वेळ लागला. फाटकावर त्या वेळी फक्त पट्टी होती.

ॲप निरुपयोगी होते असे मला म्हणावयाचे नाही. अनोळखी गर्दीत, रेल्वेच्या डब्यात, जिथे शेजारच्या माणसाचे नावही आपणांस ठाऊक नसते, तिथे ते जे करू शकत होते ते आशाताईंना करता आले नसते. पण शाळा, कचेरी, वखार ही अनोळखी गर्दी नव्हे. तिथे कोण कोणाशेजारी बसले हे सर्वांना ठाऊक असते, आणि ते सांगण्याची भीती तेवढी काढावी लागते.

ऑगस्टमध्ये विद्यागम योजना सुरू झाली आणि आम्ही देवळाच्या ओसरीत, झाडाखाली मुलांना शिकवू लागलो. त्या वेळी मी मुख्याध्यापकांना विनंती करून एक साधी वही फाटकाशी टांगली. दिवसअखेर ज्याने त्याने, आज आपण कोणाजवळ बसलो ते लिहावयाचे. नाव लिहिल्याने कोणाचा रोज कापला जाणार नाही, असे मुख्याध्यापकांनी पहिल्याच पानावर सही करून लिहिले. ते वाक्य मिळविण्यासाठी मला तीन खेपा घालाव्या लागल्या. मामा आपल्या वळणदार अक्षरात सर्वांत लांब यादी लिहीत. कोणाला पाणी दिले, कोणाची सायकल धरली, सगळे. ऑक्टोबरमध्ये विद्यागम स्थगित झाले, पण वही चालू राहिली.

आरोग्य सेतुतील संपर्क शोधण्याची सोय पुढे बंद करण्यात आली आणि त्यासाठी जमविलेली माहिती पुसून टाकण्यात आली, असे सरकारने २०२३ मध्ये संसदेत सांगितले. ते वाचले त्या आठवड्यात मी कपाट आवरीत होतो. तळाशी ती वही निघाली. तीत आम्हां सर्वांच्या भेटीगाठी, कोण कोणाच्या घरी जेवले, कोणाला कधी ताप आला, हे सारे होते. मामा तेव्हा शाळेतून मोकळे झाले होते, पण एका दाखल्यासाठी आले होते. मी त्यांना वही दाखवून विचारले, हिचे काय करावे? त्यांनी चार पाने उलटली, आपले अक्षर ओळखून जरा हसले, आणि म्हणाले, ‘बंबात घाला की, सर.’ वही त्यांच्याच हाती दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठविला की पाणी चांगले कढत झाले, पुठ्ठा मात्र जळता जळेना.