तापीकाठची पहाट

परगावी गेलेल्या मनुष्याचा दिवस बहुधा त्याचा स्वतःचा नसतो. कामे असतात, यजमान असतात, 'हे पाहिलेत का' म्हणून आग्रह करणारे असतात. त्याच्या मालकीची वेळ एकच, उजाडण्यापूर्वीची. ती ज्याने अंथरुणात घालविली, त्याने सुरतेचा बाजार पाहिला एवढेच म्हणता येईल.

खानदेशातून येणाऱ्याला तर येथे ओळखीचीच नदी भेटते. मुलताईस उगम पावलेली तापी भुसावळ, प्रकाशे मागे टाकीत 724 किलोमीटरांचा प्रवास संपवून येथे समुद्रास मिळते. नंदुरबारवरून येणारी आगगाडीही तिच्याच खोऱ्यातून सुरतेस उतरते. परंतु घरी एकाच दिशेने वाहणारी ही नदी येथे भरतीच्या वेळी उलटी फिरते! सिंगणपूरच्या बंधाऱ्याने आता ही भरती वर जाऊ देण्याचे थांबविले आहे. त्याच्या खाली, सोळाव्या शतकातील किल्ल्यापाशी, ती अजून येते. साताऱ्यास 1885 साली जन्मलेल्या आणि गुजराती साहित्यात मानाचे स्थान मिळविलेल्या काका कालेलकरांनी नद्यांवरील आपल्या लेखसंग्रहाला 'लोकमाता' हे नाव दिले. त्यांना नक्षत्रांचाही छंद होता. नदी आणि नक्षत्रे एकत्र पाहावयाची, तर पहाटेवाचून दुसरी वेळ नाही.

हे फिरणे एकट्याचेच असावे. दोघे निघाले की बोलणे निघते, आणि ते बहुधा घरचेच निघते. पक्षी उडून जातात ते वेगळेच.

डुमसच्या काळ्या वाळूवर याची प्रचीती येते. ओहोटीला समुद्र दूरवर हटतो आणि उघड्या पडलेल्या चिखलावर हिवाळ्यात तुतवार, चिखले चरत असतात. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून कालच्याच वेळी आलेल्या प्रवाशाला आज दुसराच किनारा दिसतो. येथे एक सावधगिरी मात्र हवी. खंबायतच्या आखाताची भरती आपल्या देशात सर्वांत मोठी. पाणी सखल जागांतून शिरून मागची वाट केव्हा बुडविते, हे पुढे पाहणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. एकट्याने वेळ विचारून निघावे आणि ओल्या चिखलात उतरू नये. त्यात शौर्य काहीच नाही.

नदीच्या मुखाशी गाळाचे दांडे ओहोटीला उघडे पडतात, तेव्हा जुन्या सुरतेचे एक कोडे पाहता पाहता उलगडते. एवढे श्रीमंत बंदर, पण मोठी गलबते शहरापर्यंत येत नसत. ती समुद्रकाठी सुवाळीस नांगरत आणि तेथून माल लहान होड्यांनी वा गाड्यांनी शहरात जाई. इंग्रज व पोर्तुगीज यांची 1612 सालची चकमक सुवाळीच्याच पाण्यात झाली. इतिहासाच्या पुस्तकात हे वाचले, तरी गाळ पाहिल्यावाचून ते मनात उतरत नाही.

हिवाळा असेल तर परतीच्या वाटेवर नीरा मिळते. ऊन चढले की ती आंबू लागते, म्हणून तिची विक्री सकाळीच आटोपते.