चर्चगेटमधलं चर्च कोणतं?

इंदूर, बडोदा, हैदराबाद, कुठूनही मुंबईत आलात तरी ‘चर्चगेट’ तोंडी येतंच. त्यातलं चर्च म्हणजे फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल, हॉर्निमन सर्कलजवळ. किल्ल्याच्या तटातून या चर्चकडे नेणारा दरवाजा तो चर्चगेट. तट १८६०च्या दशकात पाडला, नाव उरलं.

गव्हर्नर ऑंजियरच्या काळात सुरू झालेलं बांधकाम चाळीसेक वर्षं रखडलं. मग रिचर्ड कॉब या पाद्रीबुवांनी वर्गणीसाठी पाठपुरावा केला आणि १७१८च्या नाताळात चर्च उघडलं. कॅथेड्रल झालं १८३७ साली.

आत गेल्यावर वेदीकडे घाई करू नका, आधी भिंती वाचा. मी दर वेळी थबकतो ते गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या स्मारकापाशी. १८११ साली ते मुंबईतच वारले. बनारस आणि काठेवाडातली बालहत्या बंद केल्याचं श्रेय हा संगमरवर त्यांना देतो. प्रयत्न खरा होता. मुली मारणार नाही, असे करार त्यांनी तिथल्या राजपूत घराण्यांकडून लिहून घेतले. पण प्रथा बंद? १८७० साली सरकारला त्याच गुन्ह्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आणि १९९४ साली आपल्याला गर्भलिंगनिदानाविरुद्ध! मुलाबाळांना घेऊन गेलात तर त्या दगडासमोर ही दोन सालंही सांगा.

बाहेर पडताना दाराशी गिल्बर्ट स्कॉटचं कारंजं आहे. आणि हो, मुंबईतले जुने मैलाचे दगड अंतर मोजायचे ते याच चर्चपासून.