साथीची पहिली खबर



20 फेब्रुवारी 2024 ची रात्र बीबीकरांस निराळी सांगावयास नको. सोमठाण्याच्या हरिनाम सप्ताहात एकादशीचा प्रसाद घेतलेली शेकडो माणसे उलट्याजुलाबांनी बेजार होऊन येथील रुग्णालयात आली. खाटा अपुऱ्या पडल्या, तेव्हा उघड्यावर दोर बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या.

विषबाधा ही काही संसर्गाची साथ नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण पहिल्या घटकेला हे कोणास कळणार? पटकी असती तरी उलट्या आणि जुलाबच दिसले असते! म्हणूनच आमच्या देशातील रोगसर्वेक्षण रोगाच्या नावापासून सुरू होत नाही, लक्षणापासून सुरू होते. उपकेंद्रातील परिचारिका ताप किती, जुलाब किती, एवढेच कळविते. डॉक्टर संशयित रोगाचे नाव घालतो. प्रयोगशाळा ते खरे की खोटे ठरविते. हे तीन वेगळे कागद जिल्ह्यातून पुण्यामुंबईकडे आणि तेथून दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे जात. 2021 पासून त्यांच्या जागी संगणकावरील नोंद आली.

ही व्यवस्था सुखासुखी जन्मली नाही. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला, मग माणसांच्या जांघेत गाठी आल्या. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची ओरड झाली आणि लाखो लोक गाडी मिळेल तिकडे पळाले. देशोदेशींनी आमची विमाने व माल अडविला. जवळजवळ तीस वर्षे प्लेग दिसला नव्हता, आणि न दिसणाऱ्या रोगावरची नजर सैल पडते, हा सरकारांचा जुना स्वभाव आहे. त्या धक्क्यानंतर 1997 साली राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम निघाला. 2004 साली त्याचे एकात्मिक रूप झाले.

1897 चा साथरोग कायदा मुंबईच्या प्लेगात झाला. त्याने अधिकाऱ्याच्या हाती दंडुका दिला. पण दंडुक्याच्या भयाने लोक रोगी लपवितात, हे पुण्याने त्याच वर्षी पाहिले. आमच्या मते खरी मेख आजही येथेच आहे. सरकारी दवाखान्यातला ताप मोजला जातो. खासगी दवाखान्यातला बहुधा सुटतो, आणि घरच्या काढ्यावर काढलेला तर कोणाच्याच वहीत येत नाही.

उलट नारूचे पाहा. येथील वडीलधाऱ्यांस पायातून निघणारा तो दोरा आठवत असेल. त्यावर लस नव्हती, औषधही नव्हते. पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, पाणी फडक्याने गाळविले, आणि घरोघर जाऊन रोगी शोधले. शेवटचा रोगी 1996 साली राजस्थानात सापडला. पुढे खबर देणाऱ्यास रोख बक्षीस लावले, तरी एकही नवा रोगी मिळेना. तेव्हा कोठे 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले.