उपकरणे घडविण्याची विद्या



खगोलशास्त्र म्हटले की दुर्बीण आठवते. ती घडविणारे हात मात्र आठवत नाहीत. पुणे विद्यापीठाच्या परिसरात १९८८ साली स्थापन झालेल्या 'आयुका' या आंतरविद्यापीठीय केंद्राने 'इस्रो' व अन्य संस्थांच्या सहकार्याने 'सूट' ही सौरदुर्बीण साकारली. २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांत, अकरा फिल्टरांतून, सूर्यबिंबाची छायाचित्रे घेणे हे तिचे कार्य. यांतील बरेचसे अतिनील किरण ओझोनचा थर अडवितो. म्हणून ती अवकाशात पाठविणे भाग होते.

सूर्याचा ताप रोखणारा फिल्टर तिच्या मुखाशीच बसवावा लागतो. तेलाच्या वाफेचा सूक्ष्म थरदेखील अतिनील किरण शोषून घेतो. म्हणून जुळणी निर्धूळ कक्षातच करावी लागते. २ सप्टेंबर २०२३ रोजी 'आदित्य-एल १' यानातून निघालेली ही दुर्बीण सुमारे १५ लाख किलोमीटर दूर गेली. तेथे दुरुस्तीस कोणी जाऊ शकत नाही. सारी कसोटी प्रयोगशाळेतच पाहावी लागते.

तयार उपकरण विकत घेतले, तर त्याच्या मर्यादाही आपल्या होतात. प्रश्न आपला असेल, तर उपकरणही आपणच घडविले पाहिजे. विद्यापीठांतील तरुणांनी ही विद्या हस्तगत करावी, एवढेच सांगणे.