रीत आणि तिचे कारण



नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, जैन गणिती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. अपूर्णांकाने भागताना भाजक उलटा करून गुणावे, ही रीत त्यात आहे. आपल्या परभणी जिल्ह्यातील मुलेही ती शिकतात. पण कारण किती जणांस उमगते?

६ मीटर कापडातून पाऊण मीटरचे तुकडे किती निघतील? एका मीटरमध्ये चार पाव मीटर, म्हणून सहांमध्ये २४. अशा तिहींचा एक तुकडा, म्हणून ८. चाराने गुणून तिनाने भागणे, हेच ते 'उलटे करणे'.

केवळ पाठ केलेली रीत विसरली की मूल स्वतःस मंद समजून गणितच सोडते. कारण जाणणारा ती पुन्हा उभी करतो. संशयरहित जाणणे हेच सम्यक्‌ज्ञान. गुरुजनांनी आधी कापड मोजू द्यावे, मग रीत सांगावी.

जय जिनेंद्र!